आधी वळण, मग वेग
कालबद्ध परीक्षेच्या सरावाचे शास्त्र

१. प्रश्नाचे स्वरूप

तंजावूरच्या राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. नायक राजांच्या काळी ज्या राजसंग्रहाचा पाया घातला गेला, त्याची दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी फार मोठी वाढ केली. १९१८ साली हा संग्रह सार्वजनिक झाला. संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखितांबरोबरच तेथे मोडी लिपीतील कागदपत्रेही आहेत. व्यंकोजी राजांनी १६७६ च्या सुमारास तंजावुरास आपले राज्य स्थापिले. तेव्हापासून १८५५ मध्ये ते खालसा होईपर्यंत दरबाराच्या कारभारात मराठीचा वापर होत होता. त्या कारभाराची साक्ष हे कागद देतात. राज्य गेले, परंतु मराठी बोलणारी कुटुंबे राजवाड्याच्या परिसरात व शहरात आजही नांदत आहेत. त्यांच्या घरात तंजावुरी मराठी, बाजारात तमिळ आणि वरच्या वर्गाच्या पुस्तकांत बहुधा इंग्रजी, अशा तीन भाषांत तेथील विद्यार्थ्याचा दिवस जातो.

अशा विद्यार्थ्याने कायद्याच्या शिक्षणाचा विचार केला, तर जवळच तिरुच्चिराप्पळ्ळी जिल्ह्यात तमिळनाडू राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. त्याची स्थापना २०१२ च्या राज्य कायद्याने झाली. तेथील प्रवेश 'क्लॅट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सामाईक परीक्षेतून मिळतो. प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. प्रश्न १२० आणि वेळ दोन तास. जुन्या कालमापनात एक घटका २४ मिनिटांची होती. त्या हिशेबाने सारी परीक्षा पाच घटकांत आटोपते.

या परीक्षेची तयारी करणाऱ्यांची एक तक्रार सर्वत्र सारखीच ऐकू येते. घरी शांतपणे बसून प्रश्न सोडविले असता उत्तरे बरोबर येतात. तेच प्रश्न समोर घड्याळ ठेवून सोडविले की निम्मी उत्तरे चुकतात, आणि शेवटचे दोन-तीन उतारे वाचायचेच राहतात. असे चार-सहा वेळा झाले म्हणजे विद्यार्थी हिरमुसतो. 'आपली बुद्धीच मंद आहे' असा निष्कर्ष काढून तो कायद्याचा नाद सोडतो, किंवा रोज एक पूर्ण प्रश्नपत्रिका सोडविण्याचा हट्ट धरून त्याच त्या चुका पक्क्या करतो. हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. वेळ लावल्याबरोबर काम का बिघडते आणि ते कसे सुधारावे, याविषयी गेल्या सव्वाशे वर्षांत पुष्कळ संशोधन झाले आहे. त्यातील उपयुक्त भाग येथे सांगितला आहे.

२. वेगाची कसोटी आणि सामर्थ्याची कसोटी

मानसमापनशास्त्रात कसोट्यांचे दोन प्रकार मानतात. पहिल्या प्रकारात प्रश्न सोपे, पण संख्येने इतके असतात की ठरलेल्या वेळात ते सर्व कोणाकडूनही सुटू नयेत. ही वेगाची कसोटी होय. दुसऱ्या प्रकारात वेळ पुरेसा असतो, पण प्रश्न चढत्या क्रमाने अवघड होत जातात. ही सामर्थ्याची कसोटी होय. हॅरॉल्ड गुलिकसन यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या मानसिक कसोट्यांवरील ग्रंथात या भेदाची गणिती चर्चा केली. व्यवहारातील बहुतेक प्रवेशपरीक्षा या दोहोंचे मिश्रण असतात. त्यांत सामर्थ्य पाहिले जाते, परंतु ते घड्याळाच्या चौकटीत.

कायद्याच्या शिक्षणासाठी अशी परीक्षा अमेरिकेत १९४८ साली सुरू झाली. भारतात राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक परीक्षा २००८ पासून घेतली जाते. प्रारंभीच्या अनेक वर्षांत तीत दोन तासांत २०० प्रश्न असत, म्हणजे एका प्रश्नास ३६ सेकंद. २०२० पासून उताऱ्यांवर आधारलेले १५० प्रश्न ठेवण्यात आले. डिसेंबर २०२३ मध्ये झालेल्या परीक्षेपासून ही संख्या १२० झाली, म्हणजे एका प्रश्नास ६० सेकंद. परंतु त्या साठ सेकंदांत उतारा वाचण्याचा व उत्तरपत्रिकेवरील वर्तुळ भरण्याचा वेळही मोडतो. महाराष्ट्र राज्याची विधी प्रवेशपरीक्षाही दोन तासांची असते. तिचे प्रश्न मराठीतही मिळतात आणि चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापले जात नाहीत. क्लॅटमध्ये मात्र प्रत्येक चुकीमागे पाव गुण वजा होतो. शारीरिक वा अन्य अक्षमतेमुळे ज्यांना अधिक वेळ मिळण्याचा हक्क आहे, त्यांनी त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातील नियम अर्ज भरण्यापूर्वीच पाहून घ्यावेत.

वेग म्हणजेच कायद्याची योग्यता, असे मात्र नाही. अमेरिकेतील विल्यम हेंडरसन यांनी २००४ साली या विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रवेशपरीक्षेतील गुणांवरून पुढील यशाचा जो अंदाज बांधता येतो, तो वर्गात घड्याळ लावून घेतलेल्या परीक्षांच्या बाबतीत अधिक खरा ठरतो. घरी नेऊन सोडविण्याच्या प्रश्नपत्रिका व निबंध यांच्या बाबतीत कमी, असे त्यांना आढळले. वेगाने उत्तर देणे आणि सखोल विचार करणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत, असा याचा अर्थ. दोन तासांची परीक्षा त्यांपैकी पहिल्यास अधिक वजन देते. ज्याचे पहिले कौशल्य उणे आहे, त्याचे दुसरेही उणेच असेल असे मानण्यास आधार नाही. आणि पहिले कौशल्य सरावाने वाढते.

३. वेळ कोठे जातो?

वाचताना दृष्टी ओळीवरून सलग सरकते, असा समज सर्वसाधारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील एमिल झाव्हाल यांच्या प्रयोगशाळेतील निरीक्षणांतून तो खोटा ठरला. डोळा उड्या मारीत जातो. प्रत्येक उडीनंतर तो सुमारे पाव सेकंद थांबतो, आणि अक्षरांचे ग्रहण त्या थांब्यातच होते. मधूनमधून तो मागेही जातो. इंग्रजी वाचणाऱ्या सराईत वाचकाच्या दहा उड्यांपैकी एखादी मागे जाणारी असते. मजकूर अवघड असला वा शब्द अनोळखी असला, की थांबे लांबतात आणि मागे जाणे वाढते.

मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ साली १९० अभ्यासांचे संकलन केले. त्यानुसार इंग्रजीतील माहितीपर मजकूर मनात वाचण्याचा प्रौढ वाचकाचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द इतका येतो. परभाषेत वाचणाऱ्याचा वेग याहून कमी असतो. आता क्लॅटच्या प्रश्नपत्रिकेचा हिशेब करून पाहावा. गणिताचे १२ च्या आसपास प्रश्न वगळले, तर सुमारे १०८ प्रश्न उरतात. पाच प्रश्नांमागे एक उतारा धरल्यास २२ उतारे होतात. उतारा सुमारे ४५० शब्दांचा असल्यास एकूण ९,९०० शब्द वाचावे लागतात. मिनिटाला २३८ शब्द वाचणाऱ्यास त्यासाठी ४२ मिनिटे लागतील आणि प्रश्नांसाठी ७८ मिनिटे, म्हणजे प्रत्येकी ३९ सेकंद उरतील. मिनिटाला १५० शब्द वाचणाऱ्यास वाचनालाच ६६ मिनिटे लागतील आणि प्रत्येक प्रश्नास २७ सेकंद उरतील. मिनिटाला १०० शब्द वाचणाऱ्याच्या हाती प्रश्नामागे जेमतेम १० सेकंद राहतील.

या तिघांची तर्कशक्ती अगदी सारखी असली, तरी गुण सारखे मिळणार नाहीत. ज्या विद्यार्थ्याला 'मला तर्क जमत नाही' असे वाटते, त्याचा वेळ पुष्कळदा तर्कात नव्हे तर वाचनात गेलेला असतो. घरी मराठी, शाळेत तमिळ आणि परीक्षेत इंग्रजी असलेल्या विद्यार्थ्याने ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी.

यावर 'शीघ्रवाचनाचे' वर्ग हा उपाय नव्हे. कीथ रेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली या विषयावरील सर्व संशोधन तपासले. अर्थग्रहण न गमावता वेग दुप्पट-तिप्पट करून देणारी कोणतीही युक्ती त्यांना आढळली नाही. वाचनाचा वेग मुख्यतः भाषेच्या ओळखीवर अवलंबून असतो. शब्द जितके परिचित, तितका थांबा लहान. म्हणून दररोज अर्धा-पाऊण तास इंग्रजी वृत्तपत्रातील अग्रलेख, न्यायालयीन निवाड्यांची वृत्ते आणि इतिहास-अर्थशास्त्रावरील सोपे लेख वाचणे, हाच वाचनवेगाचा खरा व्यायाम होय. तो काही आठवड्यांत नव्हे, तर काही महिन्यांत फळ देतो. यासाठीच त्याचा प्रारंभ परीक्षेच्या वर्षाआधी करावा.

४. घाईने काय बिघडते?

वेग आणि अचूकता यांच्या संबंधाचा पहिला पद्धतशीर अभ्यास रॉबर्ट वुडवर्थ यांनी १८९९ साली प्रसिद्ध केला. ठोके देणाऱ्या यंत्राच्या तालावर ठराविक लांबीच्या रेघा ओढण्याचे काम त्यांनी लोकांस दिले. ताल संथ असताना डोळे उघडे ठेवून ओढलेल्या रेघा पुष्कळ अचूक येत. ताल जलद केला, की चुका वाढत. ताल फारच जलद केला असता उघड्या डोळ्यांनी ओढलेल्या रेघा मिटल्या डोळ्यांनी ओढलेल्या रेघांइतक्याच चुकत. कारण इतकेच की, डोळ्यांना चूक दिसून हाताने ती दुरुस्त करण्यापूर्वीच रेघ पुरी झालेली असे. परीक्षेतही असेच घडते. घाई एका मर्यादेपलीकडे गेली, की विद्यार्थ्याचे ज्ञान त्याच्यापाशी असूनही कामी येत नाही. उत्तर तपासण्याची संधीच नाहीशी झालेली असते.

दुसरे कारण मनाच्या क्षोभाचे आहे. रॉबर्ट यर्क्स व जॉन डॉडसन यांनी १९०८ साली उंदरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. दोन पेट्यांतील भेद ओळखण्यास उंदरांना शिकवावयाचे आणि चुकल्यास विजेचा हलका वा तीव्र झटका द्यावयाचा, अशी त्यांची योजना होती. भेद ओळखणे सोपे असताना तीव्र झटक्याने शिकणे लवकर झाले. भेद सूक्ष्म असताना मात्र मध्यम झटकाच अधिक गुणकारी ठरला. तीव्र झटक्याने शिक्षण मंदावले. उंदरांवरून माणसाविषयी अनुमान काढताना सावधगिरी हवी. तथापि अवघड कामास अति धसका बाधतो, हा अनुभव माणसांच्या बाबतीतही येतो.

याचे स्पष्टीकरण कार्यस्मृतीत सापडते. विचार करताना मनात एका वेळी थोड्याच गोष्टी धरून ठेवता येतात. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली ही संख्या सातच्या आसपास सांगितली. नेल्सन कोवन यांनी २००१ साली ती चारच्या आसपास असल्याचे दाखविले. कायद्याच्या तर्कप्रश्नात नियम, त्याचा अपवाद, घटना आणि चार पर्याय एकाच वेळी सांभाळावे लागतात. त्यात 'किती मिनिटे उरली' ही चिंता शिरली, की तेवढी जागा ती व्यापते आणि नियमाचा अपवाद मनातून निसटतो. म्हणून घड्याळाकडे वारंवार पाहणारा विद्यार्थी अपवादाच्या प्रश्नांत अधिक चुकतो.

५. वळण बसले की वेग येतो

मग वेग कसा वाढवावा? यासाठी पुन्हा सरस्वती महालातील मोडी कागदांकडे वळणे उपयुक्त ठरेल. मोडी ही कारकुनाची लिपी. दिवसाकाठी शेकडो ओळी लिहिणाऱ्याच्या सोयीने ती घडली. ओळीची रेघ आधीच ओढून घ्यावयाची आणि मग लेखणी शक्य तितकी न उचलता अक्षरास अक्षर जोडीत जावयाचे, ही तिची रीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही तीत पाळला जात नाही. वेग आला तो हात भराभर हलविल्याने नव्हे. लेखणी उचलण्याचे, थबकण्याचे व निवड करण्याचे प्रसंग कमी केल्याने तो आला. आणि हे वळण हातात बसावे म्हणून शिकाऊ लेखकास आधी कित्ता गिरवावा लागे. कित्ता सावकाश गिरवावयाचा असतो. घाईने गिरविलेल्या कित्त्याने अक्षर बिघडते, आणि बिघडलेले अक्षर वेगाने लिहिले म्हणजे वाचता येत नाही.

प्रयोगशाळेतील निष्कर्ष याच दिशेचे आहेत. विल्यम ब्रायन व नोबल हार्टर यांनी १८९७ व १८९९ साली तारायंत्र शिकणाऱ्यांचा अभ्यास केला. शिकाऊ तारमास्तर प्रथम एकेक अक्षर ओळखतो, पुढे शब्दच्या शब्द एकदम ऐकू लागतो आणि निष्णात झाल्यावर वाक्प्रचार सबंध उचलतो. या प्रवासात कित्येक आठवडे वेग वाढतच नाही, असा सपाट काळ त्यांना आढळला. त्यास त्यांनी 'पठार' म्हटले. खालच्या सवयी पक्क्या होत असल्याने वरची सवय अजून उगवलेली नसते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. असे पठार प्रत्येक शिकणाऱ्यास लागतेच असे नाही, हे पुढील संशोधनाने दाखविले. परंतु ज्यास ते लागते, त्याने प्रगती संपली असे मानू नये.

परीक्षार्थ्याच्या बाबतीत वळण म्हणजे प्रश्न हाताळण्याची ठरलेली रीत. कायद्याच्या तर्काचा उतारा असेल तर नियम कोणता, तो कोणास लागू, अपवाद कोणता आणि घटनेत कोणती गोष्ट कमी आहे, या चार गोष्टी त्याच क्रमाने शोधावयाच्या. तर्काचा उतारा असेल तर लेखकाचे म्हणणे, त्याचा आधार आणि न बोललेले गृहीत शोधावयाचे. ही रीत शंभरदा गिरविली की निराळा विचार न करता ती आपोआप घडते. तेव्हा कार्यस्मृतीत जागा मोकळी होते आणि वेग वाढतो.

६. सरावाच्या पायऱ्या

पहिली पायरी : घड्याळ नको. एक उतारा व त्यावरील पाच प्रश्न घ्यावेत आणि हवा तितका वेळ घेऊन सोडवावेत. प्रत्येक उत्तराचे कारण व नाकारलेल्या प्रत्येक पर्यायाचे कारण एकेका ओळीत लिहावे. पाचांपैकी चार उत्तरे बरोबर, आणि तीही योग्य कारणांनी, असे ओळीने अनेक उताऱ्यांत होईपर्यंत ही पायरी सोडू नये.

दुसरी पायरी : घड्याळ मापण्यासाठी. येथे मर्यादा घालावयाची नाही, फक्त नोंद करावयाची. शून्यापासून चढत जाणारे घड्याळ वापरावे. उतारा वाचण्यास किती वेळ लागला, प्रश्नांस किती लागला आणि कोणत्या प्रश्नापाशी मन अडून बसले, हे वहीत लिहावे. वैद्य जसा औषधापूर्वी नाडी पाहतो, तशीच ही पायरी आहे. बहुसंख्य विद्यार्थी हीच गाळतात.

तिसरी पायरी : घड्याळ मर्यादेसाठी. दुसऱ्या पायरीत आलेल्या सरासरीतून अर्धे मिनिट कमी करावे. त्या मर्यादेत सलग तीन बैठकांत पाचांपैकी चार उत्तरे बरोबर आली, तर आणखी अर्धे मिनिट कमी करावे. अचूकता ढासळली, तर एक पायरी मागे यावे. यात कमीपणा नाही.

चौथी पायरी : सबंध प्रश्नपत्रिका. ती आठवड्यातून एकदा पुरे. परीक्षेच्याच वेळी, सलग दोन तास, उत्तरपत्रिकेची वर्तुळे भरून ती सोडवावी. दुसऱ्या दिवशी तितकाच वेळ तिच्या तपासणीस द्यावा. तपासणी केली नाही, तर प्रश्नपत्रिका सोडवून केवळ दमणूक होते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, राजवाडा परिसरातील एका विद्यार्थिनीने आठ उतारे, म्हणजे ४० प्रश्न, घड्याळाविना ६८ मिनिटांत सोडविले. ३४ उत्तरे बरोबर आली. तेवढेच प्रश्न ४० मिनिटांच्या मर्यादेत सोडविले, तेव्हा तिने सगळ्यांची उत्तरे दिली, पण २१ च बरोबर आली. चुकलेल्या १९ बद्दल ४.७५ गुण वजा होऊन तिला १६.२५ गुण मिळाले. नोंदवही पाहता असे दिसले की, एका उताऱ्यास लागणाऱ्या साडेआठ मिनिटांपैकी साडेचार मिनिटे वाचनात जात होती. ती प्रत्येक उतारा दोनदा वाचीत होती. दोष तर्काचा नव्हता; पहिल्या वाचनावरील अविश्वासाचा होता. तिने प्रश्न आधी चाळून मग उतारा एकदाच, पण सावकाश वाचण्याची सवय केली, आणि अडलेला प्रश्न सोडून पुढे जाण्याचा नियम पाळला. काही आठवड्यांनी ४० मिनिटांत तिने ३० च प्रश्नांची उत्तरे दिली, २५ बरोबर, ५ चूक. गुण झाले २३.७५. दहा प्रश्न सोडूनही सात-साडेसात गुण वाढले. येथील आकडे समजण्यापुरते आहेत, पण हिशेब खरा आहे.

७. सोडून देण्याचा हिशेब

प्रत्येक प्रश्नाचा गुण सारखाच असतो. चार मिनिटे खाणारा अवघड प्रश्न एकच गुण देतो आणि अर्ध्या मिनिटात सुटणारा सोपाही एकच. म्हणून एका प्रश्नावर दीड मिनिटाहून अधिक काळ अडल्यास खूण करून पुढे जावे. हे बोलण्यास सोपे व करण्यास कठीण आहे. हाती घेतलेले काम तडीस नेण्याचा संस्कार आड येतो. त्यासाठी सोडून देण्याचाही सराव करावा लागतो.

वेळ संपत आल्यावर अंदाजाने उत्तर द्यावे काय? गणित असे : चार पर्यायांपैकी काहीच माहीत नसता १६ प्रश्नांची उत्तरे अंदाजाने दिली, तर सरासरीने ४ बरोबर व १२ चूक होतील. ४ गुण मिळून ३ वजा होतील आणि हाती १ राहील. परंतु प्रत्येक प्रश्नातील दोन पर्याय निश्चित नाकारता आले, तर १६ पैकी ८ बरोबर व ८ चूक होऊन ८ उणे २, म्हणजे ६ गुण मिळतील. आंधळ्या अंदाजाचा लाभ नगण्य व बेभरवशाचा आहे. अर्ध्या ज्ञानावरील अंदाजाचा लाभ मोठा आहे. म्हणून पर्याय नाकारण्याचे कौशल्य बरोबर पर्याय ओळखण्याइतकेच मोलाचे समजावे. जेथे चुकीबद्दल गुण कापले जात नाहीत, तेथे मात्र एकही प्रश्न कोरा ठेवू नये.

८. आठवणे आणि विसावा

चालू घडामोडींच्या प्रश्नांत उत्तर आठवले तर लगेच आठवते, नाही तर कितीही वेळ बसून उपयोग होत नाही. वेळ वाचविण्याची ही जागा आहे. हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिके यांनी २००६ साली केलेल्या प्रयोगात एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचून तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पहिल्या गटास ८३ टक्के व दुसऱ्यास ७१ टक्के मजकूर आठवला. आठवड्यानंतर मात्र पहिल्या गटास ४० टक्के व दुसऱ्यास ६१ टक्के आठवला. पुन्हा पुन्हा वाचल्याने येते असे वाटते, पण पुस्तक मिटून आठविल्याने ते टिकते. तसेच एकाच दिवशी सहा तास घोकण्यापेक्षा तेच सहा तास सहा दिवसांवर वाटणे अधिक फलदायी असते. हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच आपल्या स्मृतीवरील ग्रंथात नोंदविले आहे.

९. शाळा व ग्रंथालये यांचे साहाय्य

घर लहान असले, की सलग दोन तास शांतता मिळणे दुर्घट होते. जेथे शक्य असेल तेथे शाळेने वा सार्वजनिक ग्रंथालयाने आठवड्यातून एक सकाळ यासाठी राखावी. एक मोठे भिंतीवरील घड्याळ, जुन्या प्रश्नपत्रिकांचा संच आणि दोन-तीन इंग्रजी वृत्तपत्रे एवढे साहित्य पुरते. परीक्षा संपल्यावर विद्यार्थ्यांनी एकमेकांस गुण न विचारता चुकांची कारणे सांगावीत, असा प्रघात पाडावा. गुणांची तुलना धसका वाढविते. चुकांची तुलना शिकविते.

सारांश

घड्याळापुढे बिघडणारे काम हे बुद्धिमांद्याचे लक्षण नव्हे. वाचनाचा वेग, प्रश्न हाताळण्याची रीत, मनाचा क्षोभ आणि वेळेची वाटणी या चार निरनिराळ्या गोष्टी त्यामागे असू शकतात, आणि प्रत्येकीचा उपाय निराळा आहे. कोणती गोष्ट आड येते, हे नोंदीवाचून कळत नाही. म्हणून घड्याळ प्रथम मापण्यासाठी वापरावे आणि मग मर्यादेसाठी.

स्वाध्याय

१. वृत्तपत्रातील सुमारे ४५० शब्दांचा एक इंग्रजी लेख समजून वाचण्यास किती वेळ लागतो ते मोजा. त्यावरून मिनिटाचा वेग काढा. तेवढ्याच लांबीच्या मराठी लेखाचा वेग काढून दोहोंची तुलना करा.

२. मिनिटाला १८० शब्द वाचणाऱ्या विद्यार्थ्यास वरील ९,९०० शब्द वाचण्यास किती वेळ लागेल? दोन तासांपैकी प्रत्येक प्रश्नास किती सेकंद उरतील?

३. चारपैकी एक पर्याय निश्चित नाकारता येतो, अशा १२ प्रश्नांची उत्तरे अंदाजाने दिल्यास सरासरीने किती गुण मिळतील? चुकीमागे पाव गुण वजा होतो असे धरा.

४. वुडवर्थ यांच्या प्रयोगात ताल फार जलद असताना उघड्या डोळ्यांचा उपयोग का झाला नाही? परीक्षेतील असाच एखादा अनुभव लिहा.